दूरस्थ अतिथिकुटींची निगा व सुधारणा : तानसा खोऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

अतिथींच्या निवासाची जागा वस्तीपासून जसजशी दूर जाते, तसतसा तिच्या देखभालीचा हिशेब रुपयांत न राहता खेपांत करावा लागतो, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा आहे. शहरातील अतिथिगृहात नळाचा वायसर झिजला, तर तो घटकाभरात बदलला जातो. आडरानातील कुटीत त्याच वायसरासाठी एक माणूस, एक वाहन व एक दिवस खर्ची पडतो. वस्तूचे मोल नगण्य, पण खेपेचे मोल भारी. हा भेद ध्यानात न घेता केलेली सुधारणा पुष्कळदा कुटीला अधिक दुबळी करून सोडते.

या प्रश्नाचे सर्वांत टोकाचे रूप कॅनडात पाहावयास मिळते. आँटेरिओ, मॅनिटोबा इत्यादी प्रांतांच्या उत्तर भागात असंख्य सरोवरे आहेत व त्यांपैकी पुष्कळांकडे रस्ताच जात नाही. हौशी मासेमारांसाठी तेथे लाकडी कुटी बांधलेल्या असून, पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानांनीच तेथे जावे लागते. १९४७ साली प्रथम उडालेले ‘बीव्हर’ विमान या वाहतुकीसाठी विशेष प्रसिद्ध आहे. तरंड्यांवर चालताना ते इंधन व वैमानिक वगळता साधारण अर्धा टनच भार नेऊ शकते. एवढ्यात माणसे, शिधा, इंधनाच्या टाक्या, खिळे आणि फळ्या बसवावयाच्या असतात. म्हणून अवजड सामान बहुधा हिवाळ्यात, सरोवरे गोठली असता, बर्फावरून नेऊन ठेवतात. हंगाम संपताच नळ व पंप पूर्ण रिकामे करतात, कारण आत राहिलेले पाणी गोठून प्रसरण पावते व नळ फोडते. गोठण्या-वितळण्याने जमीन वरखाली होते, म्हणून वसंतात कुटीच्या पायाखालील ठोकळे पुन्हा समतल करावे लागतात. तात्पर्य, तेथील निगेचे सारे वेळापत्रक बर्फ ठरवितो.

आपल्याकडे विमानाने जाण्याची अशी मासेमारीची वसतिस्थाने रूढ झाली नाहीत. साबरमती व केवडिया यांमधील जलविमानसेवा ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाली व २०२१ मध्ये बंद पडली. तीही प्रवासी सेवाच होती. परंतु दुर्गम अतिथिनिवासाची परंपरा मात्र आपल्याकडे जुनी आहे. डाक बंगले, धरणांच्या काठचे निरीक्षण बंगले आणि वनखात्याची विश्रामगृहे ही तिची परिचित रूपे होत. खानसामा, चौकीदार, नोंदवही व ठरलेले दर या चार आधारांवर ही व्यवस्था उभी राहिली. तिच्या अभ्यासासाठी भिवंडीलगतचा प्रदेश विशेष उपयुक्त आहे. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले व त्याचे पाणी मुंबईस जाऊ लागले. धरणाखालची तानसा नदी भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या उष्ण झऱ्यांजवळून वाहत वैतरणेकडे जाते. यंत्रमागांचे हे शहर आज गोदामांचेही शहर झाले आहे. त्यामुळे सामानाचा साठा हाताशी असतो. अडचण असते ती शेवटच्या काही मैलांची, आणि तीही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

कॅनडातील बर्फाची जागा येथे पावसाने घेतली आहे. या पट्ट्यात वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, असे धरले, तर शंभर चौरस मीटर छपरावर चार महिन्यांत अडीच लक्ष लिटर पाणी कोसळते. म्हणून छप्पर हे निगेचे पहिले अंग ठरते. मृग लागण्यापूर्वी घर शाकारण्याची कोकणातील चाल याच अनुभवातून आली आहे. नळीची कौले उतरवून, शेवाळ झाडून, फुटकी वगळून पुन्हा लावणे हे कष्टाचे काम खरे, परंतु ते गावातील कोणीही जाणता माणूस करू शकतो. १८६५ पासून मंगळूरच्या बाझल मिशनने तयार केलेल्या कौलांचा प्रसार झाला, तेव्हा हे वार्षिक श्रम पुष्कळ कमी झाले. शिवाय फुटलेले एक कौल तेवढेच काढून दुसरे बसविण्याची सोय कायम राहिली. पन्हळी पत्र्याचे तसे नाही. तो लवकर बसतो, पण खिळ्यांच्या छिद्रांशी गंजतो, उन्हात तापतो, आणि एक पत्रा बदलताना शेजारचेही ढिले करावे लागतात. पहिला खर्च कमी असला, तरी दुरुस्तीसाठी शहरातून माणूस बोलवावा लागतो. वळचणीची लांबी, पन्हळीची सफाई, जोत्याभोवतीचा उतार व वाशांना लागणारी वाळवी यांची पाहणी छपराबरोबरच झाली पाहिजे.

दुसरे अंग म्हणजे साठा व नोंद. कुटीत काय असावे, याची यादी कोणीही करील. परंतु कोणती वस्तू दोन असाव्यात, हे मागील बिघाडांच्या नोंदीवरूनच कळते. जिच्या अभावी पाणी, प्रकाश किंवा चूल बंद पडते, तिची जोडवस्तू कुटीतच ठेवावी. भरलेले घरगुती गॅसचे नळकांडे, आतील १४.२ किलो वायू व रिकाम्या टाकीचे वजन मिळून, सुमारे तीस किलो भरते. ते चिखलातून डोक्यावर नेण्यापेक्षा उन्हाळ्यातच आणून ठेवणे शहाणपणाचे. मासेमार पाहुण्यांमुळे आणखी एक काम वाढते. माशांची आतडी व खवले कुटीजवळ टाकल्यास कुत्री, कोल्हे आणि त्यांच्या मागावर बिबट्याही येतो. म्हणून मासे साफ करण्याची जागा निवासापासून व पाण्यापासून दूर असावी.

आता सुधारणेचा प्रश्न. या बाबतीत एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते : जी वस्तू तेथे कायम राहणारा माणूस हाताशी असलेल्या हत्यारांनी दुरुस्त करू शकत नाही, किंवा जिच्याशिवाय कुटी आठवडाभर चालू शकत नाही, ती वस्तू बसविण्यापूर्वी दोनदा विचार करावा. सौर दिव्यांनी रॉकेलच्या व डिझेलच्या खेपा वाचविल्या, हे निर्विवाद. मात्र पावसाळ्यातील ढगाळ आठवड्यात साध्या बॅटरीत शुद्ध पाणी भरण्यास माणूस विसरला, की तीच सोय निरुपयोगी होते. वज्रेश्वरी परिसरात खनिजयुक्त उष्ण पाणी लोखंडी नळांतून खेळविले, तर क्षार साचून नळ चोंदतात. अर्थात् सुधारणा नको, असा याचा अर्थ नव्हे. सुधारणेबरोबर तिची निगा राखणाऱ्याचे शिक्षणही झाले पाहिजे, एवढाच अर्थ आहे.

तथापि सर्वांत गंभीर परिणाम सांडपाण्याचा होतो, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. जुन्या बंगल्यात बादलीभर पाण्यावर स्नान होई. खोलीलगत न्हाणीघर व संडास आला, की पाण्याचा वापर शहरी प्रमाणाकडे सरकतो. माणशी १३५ लिटर हे नागरी प्रमाण धरल्यास आठ पाहुण्यांमागे दररोज हजार लिटरांहून अधिक पाणी खर्च होते, व त्याचा बहुतांश सांडपाणी होऊन बाहेर पडतो. हा प्रदेश बसाल्ट खडकाचा आहे. माती पातळ असून खडकास भेगा असतात. त्यामुळे शोषखड्ड्यातील पाणी मातीत गाळले न जाता भेगांतून थेट विहिरीस किंवा ओढ्यास मिळण्याचा धोका असतो. तलावाच्या पाणलोटात असे घडले, तर दोष केवळ एका कुटीचा राहत नाही. खाली ते पाणी पिणारे एक महानगर आहे. तानसा परिसर १९७० पासून अभयारण्य आहे, हेही विसरून चालणार नाही. यास्तव खोल्या वाढविण्याआधी सांडपाणी कोठे जाणार, याचे उत्तर नकाशावर दाखविता आले पाहिजे. ते दाखविता येत नसेल, तर खोल्यांची संख्या तेथेच थांबवावी.

अखेरीस माणसाचा विचार करावयाचा. या भागातील वारली, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर इत्यादी समाज कुडाच्या व कारवीच्या भिंती सारवून, दरवर्षी थोड्या थोड्या नव्या करीत राहात आले आहेत. घर एकदाच बांधून संपत नाही, तर ते सतत बांधले जात असते, ही जाणीव त्यांच्या व्यवहारातच आहे. कुटीची निगा राखणाऱ्यास केवळ राखणदार समजून त्याला किल्ल्या देण्यापेक्षा, त्याच्या नोंदी वाचून त्यांवरून खर्चाचा अंदाज बांधणे अधिक शास्त्रीय ठरेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखाद्या विश्रामगृहाच्या दहा वर्षांच्या दुरुस्त्यांतील खेपा मोजून पाहिल्या, तर खर्चाचा किती भाग वस्तूंचा व किती अंतराचा, हे स्पष्ट होईल. दूरस्थ निवासाच्या अर्थशास्त्राचा आरंभ अशाच मोजणीतून व्हावा.