कलम १३५ आणि वडिलांची सही

अहमदनगर महाविद्यालयात १९७८ साली मी वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला, तेव्हा आडतेबाजारातील आमच्या दुकानात फारसा आनंद झाला नव्हता. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली स्थापन केलेल्या या महाविद्यालयाविषयी वडिलांना आदर होता. शंका होती ती विषयाविषयी. “रोजकीर्द आणि खतावणी तू गादीवर बसून शिकलास. तीच पुस्तकातून शिकायला आता फी भरायची?” या प्रश्नाला पहिले वर्षभर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी मात्र डोळे थोडे उघडले. धनंजयराव गाडगीळ हे आमच्या लेखी केवळ ग्रंथकार होते. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खांद्याला खांदा लावून हेच गाडगीळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९५०-५१ साली तिथे पहिला गळीत हंगाम झाला, हे सरांनी सांगितले, तेव्हा अर्थशास्त्र आपल्या जिल्ह्यातही घडते असे प्रथमच वाटले.

पण ज्या विषयाने घरात पाऊल टाकले, तो दुसऱ्या वर्षाचा व्यापारी कायदा. हे सर प्रसिद्धीपासून सदैव दूर राहिले, म्हणून नाव लिहीत नाही. ते १८७२ चा भारतीय करार कायदा शिकवीत. कलम आधी वाचत नसत. आधी बाजारातला एक व्यवहार मांडीत, ‘यात कोण अडकला?’ असे विचारीत आणि आमची उत्तरे चुकली की मगच पुस्तक उघडीत.

दिवाळीनंतरच्या एका तासाला त्यांनी जामीनकीचा व्यवहार मांडला. धनकोने ऋणकोला करार करून मुदत वाढवून दिली आणि जामीनदाराची संमती घेतली नाही, तर जामीनदाराचे काय? आम्ही व्यापाऱ्यांच्या मुलांनी एका सुरात सांगितले, की मुदत मिळाली म्हणजे सर्वांचेच भले झाले. सरांनी कलम १३५ वाचले : जामीनदार मुक्त होतो. कारण मूळ मुदतीला स्वतः पैसे भरून ऋणकोच्या मागे लागण्याची त्याची संधी त्या करारामुळे हिरावली जाते. धनको नुसता गप्प बसला, तर मात्र सुटका नाही. ते कलम १३७.

माझ्या हातातील पेन थांबले. वडिलांनी एका भुसार व्यापारी स्नेह्यासाठी बारा हजारांची जामीनकी पत्करली होती. अक्षय्य तृतीयेची मुदत टळली. सावकार आणि स्नेही यांनी दिवाळीपर्यंतचा नवा कागद केला, व्याजही वाढवले; वडिलांना कोणी विचारले नाही. आणि आता सावकाराचा मुनीम रोज आमच्या दुकानाची पायरी चढत होता. बहिणीचे लग्न चार महिन्यांवर आले होते.

मी सायकल दामटीत घरी गेलो. वडिलांनी कलम दोनदा वाचून घेतले, अर्थ नीट विचारून घेतला आणि म्हणाले, “कायद्याने मी सुटलो, हे कळले. पण बाजाराने माझी सही पाहून पैसे दिले होते.” त्याच संध्याकाळी त्यांनी सहा हजार पाठवले.

दुसऱ्या दिवशी मी सरांपुढे तक्रारच मांडली. ते रागावले नाहीत. वडिलांना दोषही दिला नाही. म्हणाले, “उरलेले देण्याआधी त्यांना कलम १४५ वाचून दाखव. जामीनदाराने रास्तपणे भरलेली रक्कमच ऋणकोकडून वसूल करता येते. मुक्त झाल्यावरही भरली, तर तो उद्या न्यायालयात म्हणेल, तुम्ही देणे लागतच नव्हता.”

या वेळी वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी स्नेह्याला बोलावले आणि पूर्ण बारा हजारांची, वडिलांच्या नावे, रसीद तिकिटावर सहीची वचनचिठ्ठी लिहून घेतली. त्यानंतरच दुसरे सहा हजार गेले. आईने बहिणीच्या लग्नातील दागिन्यांची यादी निम्मी केली. स्नेह्याने पुढे थोडे थोडे करून दहा हजार फेडले. दोन हजार कधीच आले नाहीत.

पुढच्या दिवाळीत वहीपूजनाला वडिलांनी सरांना आग्रहाने बोलावले. प्रसाद घेऊन सर निघतील असे मला वाटले होते. पण वडिलांनी त्यांना गादीवर बसवून घेतले आणि हुंडी, अडत, वायदे यांवर दोन तास प्रश्न विचारले. सरही आमची खतावणी चाळीत त्यांना तितकेच प्रश्न विचारीत होते. फीविषयी पुन्हा विषय निघाला नाही. एम. कॉम.चा अर्ज तर वडिलांनीच आणून दिला.

पुढे बँकेत कर्जविभागात बसलो. हमीपत्राच्या छापील नमुन्यात बारीक अक्षरांत एक अट असे : मुदत वाढवली, अटी बदलल्या, तरी जामीनदाराची संमती आधीच धरली जाईल. वर्गात शिकलेली कलमे त्या एका अटीने पुसली जात. बहुतेक जण न वाचता सही करीत. मी तेवढा भाग मराठीत समजावून सांगत असे आणि मगच पेन पुढे करीत असे. एकदा एक वयस्कर किराणा व्यापारी पुतण्यासाठी जामीन राहायला आले होते. त्यांनी अट ऐकली, चष्मा काढून पुसला, कागद पुन्हा स्वतः वाचला आणि पुतण्याला म्हणाले, “आधी घरी चल. तुझा सगळा हिशेब मला दाखव.” ते आठ दिवसांनी पुन्हा आले आणि सही करून गेले.