निवडून आलेला, तरी नागरिक नसलेला

मंडालेचं नाव मराठी घरात टिळकांमुळे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्याच ब्रह्मदेशातल्या, पण आपल्या काळातल्या एका राजकीय कैद्याचं नाव मात्र फारसं कुणी ऐकलेलं नसतं. उ च्यॉ मिन. 'उ' म्हणजे आपलं 'श्रीयुत'. पेशाने शिक्षक, जन्माने आराकानातले रोहिंग्या मुसलमान.

१९४८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा रोहिंग्यांना मत होतं, संसदेत त्यांचे सभासद होते. उ नू पंतप्रधान असताना रंगून रेडिओवर त्यांच्या भाषेत कार्यक्रमही लागत. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि चित्र पालटत गेलं. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने १८२३ पूर्वीपासून देशात असलेल्या जमाती ठरवल्या. त्या यादीत रोहिंग्या नव्हते. (आपल्यातल्या किती घरांत १८२३ चा कागद निघेल, एकदा आजोबांना विचारून बघा!)

गंमत म्हणजे १९९० च्या निवडणुकीत याच लोकांनी मतदान केलं आणि उमेदवारही उभे केले. त्यांच्या पक्षाच्या चार जागा आल्या. बुथीडाऊंगमधून च्यॉ मिन निवडून आले. देशभरात आँग सान स्यू ची यांच्या पक्षाने ३९२ जागा जिंकल्या, पण लष्कराने संसद भरूच दिली नाही. १९९८ मध्ये निवडून आलेल्यांनी आपली प्रातिनिधिक समिती स्थापली, तेव्हा च्यॉ मिन तिच्यात बसले. हे धाडस होतं.

त्याची किंमत २००५ मध्ये वसूल झाली. आरोपांत नागरिकत्वाबद्दल खोटी माहिती दिल्याचा ठपकाही होता. त्यांना ४७ वर्षं. पण मला अंगावर काटा येतो तो पुढच्या ओळीने: बायको, दोन मुली आणि मुलगा, प्रत्येकाला १७ वर्षं. त्यांचा गुन्हा एवढाच की ते त्यांचे घरचे होते. धाकटी वाय वाय नू १८ वर्षांची, कायद्याची विद्यार्थिनी. तिची पुढची सात वर्षं इनसेन तुरुंगात गेली.

जानेवारी २०१२ मध्ये सगळे सुटले. वाय वायने कायद्याची पदवी पुरी केली आणि आज ती जगभर आपल्या समाजाची बाजू मांडते. वडिलांनी घरी बसायचं सोडून पुन्हा पक्ष काढला.

२०१५ मध्ये रोहिंग्यांची तात्पुरती ओळखपत्रं रद्द झाली, त्यांच्याबरोबर मतही गेलं. श्वे माँग हे तर तेव्हा विद्यमान खासदार होते, वडील पोलीस खात्यात नोकरी केलेले. त्यांनाही आईवडील नागरिक नव्हते म्हणून बाद केलं. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१७ पासून, सात लाखांहून जास्त रोहिंग्या लष्करी कारवाईमुळे बांगलादेशात पळाले.

च्यॉ मिन यांगूनमध्येच राहिले. २०२० मध्ये त्यांनी पुन्हा उमेदवारी अर्ज भरला. या वेळी सरकार स्यू ची यांच्या पक्षाचं होतं. निवडणूक आयोगाने अर्ज फेटाळला: त्यांच्या जन्माच्या वेळी आईवडील देशाचे नागरिक असल्याचं सिद्ध होत नाही.