विश्लेषण : जलपर्णीपासून ‘चामडे’ कसे तयार होते? पंचगंगेला आणि कोल्हापुरी चपलेला त्याचा उपयोग किती?

पावसाळा सरला, बंधाऱ्यांना बरगे घातले गेले की पंचगंगेच्या पात्रात हिरवे ठिपके दिसू लागतात. उन्हाळ्यापर्यंत त्यांचा जाड थर होतो. कोल्हापूर परिसरात याला केंदाळ म्हणतात, पुस्तकात जलपर्णी. ती काढण्यासाठी यंत्रे, बोटी, मजूर लावावे लागतात आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर असते. याच कोल्हापूरची जगभरातील ओळख मात्र चामड्याच्या चपलेमुळे आहे. त्यामुळे नदीतील नको असलेल्या वनस्पतीपासून चामड्यासारखे साहित्य तयार करायचे, ही कल्पना इथे लगेच पटते. तंत्राच्या दृष्टीने ते शक्यही आहे. प्रश्न आहे तो त्यातून नेमके काय साधेल आणि काय साधणार नाही, हा.

जलपर्णी एवढी का फोफावते?

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातली. जांभळट फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेसाठी बंगालमध्ये आली आणि तिथून देशभर पसरली. तिचा उपद्रव इतका वाढला की 1936 मध्ये बंगालला तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. अनुकूल परिस्थितीत साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. एका रोपाच्या धावत्या फांद्यांना नवी रोपे फुटतात, शिवाय तिचे बी तळाच्या गाळात अनेक वर्षे जिवंत राहते.

तिला लागते ते संथ पाणी आणि भरपूर खत. पंचगंगेत दोन्ही मिळते. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत सुमारे 80 किलोमीटरच्या प्रवासात ठिकठिकाणी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. उसाला पाणी देणारे हे बंधारे पाऊस संपला की नदीचा वेग अडवतात. शहरांचे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते नायट्रोजन व फॉस्फरस पुरवतात. जलपर्णीचा थर पसरला की खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

देठापासून ‘चामड्या’चा तक्ता कसा बनतो?

जलपर्णीच्या वजनात सुमारे 95 टक्के पाणी असते. तिचा देठ स्पंजासारखा, हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो; त्यामुळेच ती तरंगते. या देठात कामाचा भाग आहे तो सेल्युलोजचा धागा, म्हणजे ज्यापासून कापूस आणि कागद बनतो तोच पदार्थ.

आधी मुळे आणि पाने छाटून देठ वेगळे केले जातात, धुऊन वाळवले जातात. मग त्यांचे तुकडे कॉस्टिक सोड्यासारख्या क्षारात शिजवले जातात. त्यामुळे धाग्यांना चिकटलेले लिग्निन व इतर घटक सुटतात. उरलेला लगदा पुन्हा पुन्हा धुऊन कुटला जातो. इथपर्यंतची कृती हातकागदाची आहे.

पुढचा टप्पा त्याला कागदापासून वेगळे करतो. लगद्यात बंधक मिसळतात. तो नैसर्गिक रबराचा चीक, स्टार्च किंवा समुद्री शेवाळातील अल्जिनेट असू शकतो, तसाच पॉलियुरेथेनसारखा कृत्रिम पदार्थही असू शकतो. मऊपणा येण्यासाठी ग्लिसरीन घालतात. हे मिश्रण साच्यात पसरून वाळवले जाते, गरम दाबयंत्राखाली दाबले जाते आणि शेवटी मेण, तेल किंवा कृत्रिम थराचा लेप देऊन त्यावर चामड्याची नक्षी उठवली जाते. अनेकदा टिकाऊपणासाठी मागे कापडाचे अस्तर लावतात.

खऱ्या चामड्यात आणि यात फरक काय?

जनावराच्या कातडीत कोलॅजेनचे तंतू वर-खाली, आडवे-उभे अशा सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. कमावताना हे तंतू एकमेकांशी पक्के बांधले जातात आणि कातडी कुजायची थांबते. म्हणून चामड्याला सुईने भोक पाडले तरी ते तिथून सहज फाटत नाही.

जलपर्णीच्या तक्त्यात मात्र आखूड धागे आडवे पसरलेले असतात आणि त्यांना धरून ठेवतो तो बंधक. शिलाईच्या भोकाशी ताण आला की फाटण्याची भीती तिथेच असते. दुसरी अडचण पाण्याची. सेल्युलोज पाणी ओढून फुगते, पाण्यात ग्लिसरीन निघून जाते आणि वाळल्यावर तक्ता कडक होतो. दमट हवेत बुरशीही धरते. कोल्हापूरचा जुलै महिना म्हणजे अशा साहित्याची कठोर परीक्षाच.

‘वनस्पतिजन्य’ म्हणजे प्लास्टिकमुक्त का?

नेहमीच नाही. जगात गाजलेल्या अनेक पर्यायांत वनस्पती आणि प्लास्टिक एकत्र असते. अननसाच्या पानांच्या धाग्यांपासून बनणाऱ्या ‘पिन्याटेक्स’मध्ये मक्यासारख्या पिकांतून मिळणारे पॉलिलॅक्टिक ॲसिड आणि वरून राळेचा लेप असतो. निवडुंगापासूनचे ‘डेसर्टो’ 2019 मध्ये मेक्सिकोतील उद्योजकांनी बाजारात आणले. जर्मनीतील फ्रायबर्गच्या चर्मसंशोधन संस्थेने 2021 मध्ये अशी अनेक साहित्ये चामड्याशी ताडून पाहिली. डेसर्टोत पॉलियुरेथेनचा मोठा वाटा आढळला आणि चामड्याचे सगळे गुण एकत्र असलेला एकही पर्याय सापडला नाही.

यातील पेच सरळ आहे. बंधक नैसर्गिक ठेवला तर वस्तू कुजते, पण लवकर झिजते. कृत्रिम ठेवला तर टिकते, पण कुजत नाही आणि वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. त्यामुळे ‘जलपर्णीचे चामडे’ म्हणून वस्तू विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न आहे: बंधक आणि लेप कशाचा? इटलीने 2020 मध्ये प्राणिज नसलेल्या साहित्याला ‘चामडे’ हा शब्द लावण्यासच कायद्याने मनाई केली, ती ग्राहकाची अशी गफलत होऊ नये म्हणूनच.

यामुळे नदी साफ होईल का?

एक ढोबळ हिशेब करून पाहता येतो. एक टन ओल्या जलपर्णीतून 50 ते 60 किलो सुका माल मिळतो. त्यातील साधारण पाव भाग कामाचा धागा धरला, तर 12 ते 15 किलो. एक मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर तक्त्याला सुमारे 400 ग्रॅम धागा लागतो असे मानले, तर टनामागे 30 चौरस मीटरच्या आसपास साहित्य तयार होते.

दाट थर असेल तर एका हेक्टरवर काहीशे टन जलपर्णी असू शकते. 200 टन धरले तरी 6,000 चौरस मीटर तक्ता झाला. रोज 20 चौरस मीटर बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला एवढा माल संपवायला 300 दिवस लागतील. जलपर्णी मात्र दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे नदीच्या मानाने कारखाना नेहमीच मागे राहणार.

अडचण हंगामाचीही आहे. पुरात बंधारे मोकळे होतात, जलपर्णी वाहून जाते आणि अनेक महिने कच्चा मालच मिळत नाही. ओला माल दूर नेणे म्हणजे पाण्याचेच भाडे भरणे, त्यामुळे वाळवण्याची सोय काठाजवळच हवी. आणि सांडपाण्यावर प्रक्रिया होऊन नदी खरोखर स्वच्छ झाली, तर जलपर्णी कमी होईल. जो उद्योग तिच्यावर उभा आहे, त्याचा पाया नदी घाण राहण्यावर असता कामा नये. गरज पडल्यास केळीच्या सोपटासारखा दुसरा धागाही त्याच यंत्रांवर घेता आला पाहिजे.

एक फायदा मात्र नक्की आहे. जलपर्णी बाहेर काढली की तिने शोषलेले नायट्रोजन आणि फॉस्फरसही पाण्याबाहेर येतात. ती काठावरच ढीग करून टाकली, तर कुजून तेच घटक पुन्हा नदीत जातात. काढलेल्या मालाला भाव मिळाला, तर तो काठावर पडून राहणार नाही.

नदीतले विष वस्तूत येईल का?

शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू जलपर्णी शोषून घेते. सांडपाणी शुद्धीकरणासाठी तिचा वापर होतो तो याच गुणामुळे. हे धातू मुख्यत्वे मुळांत साठतात. त्यामुळे देठ वापरणे तुलनेने सुरक्षित, पण जिथे कारखान्यांचे पाणी नदीत मिसळते तिथल्या मालाची तपासणी टाळता येणार नाही. छाटलेल्या मुळांचे खत करण्यापूर्वीही हीच काळजी हवी. शिवाय शिजवण्यासाठी वापरलेले क्षारयुक्त पाणी प्रक्रियेविना सोडले, तर एक घाण काढून दुसरी नदीत घातल्यासारखे होईल.

कोल्हापुरी चप्पल यापासून करता येईल?

इथे दोन सारख्या वाटणाऱ्या शब्दांचा गोंधळ होतो. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते. म्हणजे कमावणी वनस्पतिजन्य, पण चामडे जनावराचेच. जगातील बहुतेक चामडे क्रोमियमने कमावले जात असताना कोल्हापुरीचे हे वेगळेपण आहे. 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून मिळालेले भौगोलिक मानांकन याच हस्तकौशल्याला आणि चामड्याला आहे. जलपर्णीच्या चपलेला ते नाव लावता येणार नाही.

बनावटीच्या दृष्टीनेही ते अवघड आहे. कोल्हापुरीचा तळ जाड चामड्याच्या थरांचा असतो आणि खिळ्यांऐवजी चामड्याच्या वादीने शिवला जातो. सगळे वजन झेलणारा तळ आणि सतत ओढला जाणारा अंगठा, या दोन्ही जागी चिवटपणा लागतो. तिथे आखूड धाग्यांचा तक्ता टिकणे कठीण.

जून 2025 मध्ये इटलीच्या ‘प्राडा’ने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी पादत्राणे सादर केली, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेखच नसल्याने वाद झाला आणि कंपनीला भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. नावाची किंमत काय असते, हे कारागिरांनी तेव्हा पाहिले. स्वस्त नकलांमुळे ते आधीच त्रस्त आहेत. नवे साहित्य जुन्या नावाने विकले गेले, तर नुकसान त्यांचेच होईल.

मग उपयोग कुठे?

जिथे ताण आणि पाणी कमी, तिथे. डायरीचे वेष्टन, पाकीट, चष्म्याचे घर, दिव्याचे आवरण, भेटवस्तूंचे डबे अशा वस्तूंसाठी जलपर्णीचा तक्ता चालू शकतो. कापणे, ठसे उठवणे, वेणी घालणे, वादीने शिवणे ही कौशल्ये कोल्हापूरच्या कारागिरांकडे आहेतच.

जलपर्णीचा तक्ताच केला पाहिजे असेही नाही. गुवाहाटीजवळच्या दीपोर बील या पाणथळीत मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील सहा तरुणींनी सुकवलेले देठ विणून ‘मूरहेन’ नावाची योगासनांची चटई तयार केली. 2021 मध्ये तिची देशभर चर्चा झाली. देठ शिजवून मोडण्याऐवजी अखंड विणला, तर त्याची मूळ ताकद शिल्लक राहते आणि क्षारही लागत नाही.

पंचगंगेसाठी पहिले काम सांडपाणी अडवण्याचेच राहते. काढलेल्या केंदाळाचे चामडे करायचे, चटई विणायची की खत करायचे, हे त्यानंतर बाजार आणि तपासणीचे अहवाल पाहून ठरवता येईल.