लाल जास्वंदीची छाटणी

वळवाचे एक-दोन पाऊस होऊन गेले की मी सिकेटर धुऊन, पुसून घेते आणि परसातल्या जास्वंदीपाशी जाते. झाड तेव्हा डोक्याहून उंच, हिरवंगार झालेलं असतं. शेंड्यांना चार-दोन कळ्याही असतात, त्यामुळे पहिला काप घ्यायला दरवर्षी जीव होत नाही. पण जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटव्यावर. छाटली नाही तर जुनी काडी नुसती वर वर जाते आणि फुलं हाताला लागत नाहीत. म्हणून मी एक तृतीयांश उंची उतरवते. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर घ्यायचा. डोळा आतल्या अंगाचा राखला तर फांदी झाडाच्या पोटात शिरते, तिथे दाटी होते, आणि दाटीत पिठ्या ढेकूण घर करतो.

हा ढेकूण डोळ्यांना दिसायच्या आधी मुंग्या दिसतात. खोडावरून त्यांची रांग वर चाललेली दिसली की मी कोवळ्या शेंड्यांची पानं उलटून पाहते. ढेकूण झाडाचा रस शोषून गोड, चिकट पाणी सोडतो. मुंग्या ते चाटतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. पहिली दोन वर्षं मी फक्त तो पांढरा कापूस पुसत राहिले, आणि आठवड्याभरात तो परत येत राहिला. आता आधी मुंग्यांची वाट तोडते: खोडाला कापडी पट्टी घट्ट गुंडाळायची आणि तिच्यावर ग्रीस लावायचं. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा पातळ साबण, आणि उन्हं उतरल्यावर पानांच्या खालून फवारणी. पिळवटलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकते, खतात घालत नाही.

निरोगी काड्या मात्र वाया जात नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या पेराखाली तिरक्या कापून, वरची दोन पानं ठेवून ओल्या वाळूत सावलीला खोचते. पावसाच्या दमट हवेत त्या सहज जीव धरतात.

श्रावणात झाड भरतं. पाच लाल पाकळ्या, मधून निघालेली केसरांची लांब दांडी, तिच्या टोकाला मखमली पाच ठिपके. शिंजीर येतो तो बऱ्याचदा समोरून न येता देठाच्या अंगाने फुलाला चोच टोचून मध पितो. त्या बारीक भोकावरून तो येऊन गेल्याचं कळतं.

फुलाचं आयुष्य एका दिवसाचं. म्हणून गणपतीच्या दिवसांत मी संध्याकाळीच टपोऱ्या, गुंडाळलेल्या कळ्या खुडून ओल्या फडक्यावर ठेवते. सकाळी पूजेचं ताट घ्यायला जावं तर त्या फडक्यावरच पूर्ण उमललेल्या असतात.