धुकं गाळणारी जाळी

शेडनेट आपल्या शेतकऱ्याला नवं नाही. रोपवाटिकेत ऊन अडवायला बांधतो तशीच जाळी डोंगरमाथ्यावर दोन खांबांना उभी ताणली, तर तिच्यातून पिण्याचं पाणी मिळतं. मात्र डोंगर तसा हवा, आणि धुकंही तसं हवं.

मोरोक्कोच्या नैऋत्येला, सिदी इफ्नीच्या डोंगराळ भागात बुतमेझगिदा नावाचा 1,225 मीटर उंचीचा डोंगर आहे. भोवती आमाझिग लोकांच्या वाड्या. जवाची कोरडवाहू शेतं, शेळ्यामेंढ्या, अर्गनची झाडं. पाऊस तुटपुंजा, त्यामुळे बायकांचे रोजचे कित्येक तास विहिरीच्या वाटेवर जायचे. माथ्यावर मात्र वर्षातले बरेच महिने ढग टेकलेला.

तरी पाऊस का नाही? अटलांटिकच्या थंड प्रवाहावरून येणारी हवा दमट असते, पण तिच्यावर उबदार, कोरड्या हवेचं झाकण बसलेलं असतं. ढगाला वर चढून जाड होता येत नाही. तो सपाट पसरतो आणि वाऱ्याबरोबर डोंगराला येऊन धडकतो. पायथ्याशी उभ्या माणसाला तो ढग, माथ्यावरच्याला धुकं.

धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या चार शतांशांहून क्वचितच मोठा असतो. इतका हलका, की तो खाली पडण्याऐवजी वाऱ्याबरोबर आडवा वाहत जातो. म्हणून उघड्यावर हंडा ठेवून भागत नाही, जाळीच उभी करावी लागते. धागा आडवा आला की वारा त्याला वळसा घालतो, पण थेंबाला तेवढ्या चपळाईने वळता येत नाही. तो धाग्यावर आपटतो आणि चिकटतो. शेजारचे थेंब त्याला येऊन मिळतात, थेंब फुगतो, आणि स्वतःच्या वजनाने ओघळू लागतो. धागा फार रुंद असला तर वारा दुरूनच वळतो आणि थेंबालाही सोबत नेतो. वीण फार दाट असली तर वारा अख्ख्या जाळीलाच टाळतो. मधला मार्ग म्हणून 35 टक्के सावलीची जाळी दुहेरी लावतात. वाऱ्याने दोन्ही पदर एकमेकांवर घासतात आणि पाणी लवकर खाली उतरतं.

चिलीत रुळलेली मांडणी अशी: 12 मीटर लांब, 4 मीटर उंच जाळी, वाऱ्याच्या वाटेत आडवी, जमिनीपासून सुमारे 2 मीटर वर. तळाशी किंचित उतार दिलेली पन्हळ. पन्हळीतून पाणी गाळणीत, तिथून टाकीत, आणि टाकीतून उतारानेच गावात. पंप नाही, वीज नाही.

चिलीच्या किनाऱ्यावरच्या चुंगुंगो गावाला 1992 साली असं पाणी मिळालं. चौरस मीटरला दिवसाकाठी सरासरी 3 लिटर, म्हणजे एका जाळीमागे जेमतेम दीडशे. तोवर गाव टँकरवर जगत होतं. पुढे गाव वाढलं, देखभाल मागे पडली, आणि टँकर परत आले. बुतमेझगिदावरही पहिल्या जाळ्या वादळी वाऱ्याने फाडल्या. मग जाळीमागे प्लॅस्टिकचा मजबूत जाळीदार आधार आणि कडांना लवचिक रबरी ताण देऊन नवी रचना केली. दार सी हमाद या संस्थेच्या प्रयत्नांतून 2015 मध्ये तिथल्या घरांत नळाने पाणी आलं. या पाण्यावर माणसांचं आणि जनावरांचं भागतं, फार तर रोपं जगतात. शेतं भिजत नाहीत.

आणि आपल्याकडे? महाबळेश्वरला धुकं दाटतं ते ऐन पावसाळ्यात, पाणी धो धो वाहत असताना. टँकरच्या दिवसांत आभाळ बहुधा कोरडंच असतं. म्हणून कुणी ही जाळी सुचवली, तर आधी एक चौरस मीटरची चौकट उभी करावी, खाली झाकणाचा कॅन ठेवावा आणि वर्षभर रोजचं माप वहीत लिहावं. एप्रिल-मे महिन्यांची पानं कोरी राहिली, तर जाळीचा खर्च गावातल्या साठवण टाकीच्या दुरुस्तीवर करावा.