काटा कधी चढतो?

डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतं तेव्हा आतल्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं, बीड साधारण १२०० अंशांना. तरीही त्याच धातूंचं इंजिन वर्षानुवर्षं चालतं, कारण भिंतीच्या पलीकडून पाणी फिरत असतं. तेही फार नसतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये सगळं मिळून दहा-साडेदहा लिटर. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा कामाला येतो, जवळपास तेवढाच धुराबरोबर जातो आणि उरलेल्यातली बहुतेक उष्णता या एवढ्याशा पाण्याला अखंड वाहून न्यावी लागते.

हे जमायला वेळ लागला. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकीत पाणी सरळ उकळून उडून जाई आणि वाटेत पुन्हा भरावं लागे. १९००च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी चौकोनी आकाराच्या ८,०७० बारीक नळ्या एकत्र बसवून जाळीदार रेडिएटर बनवला आणि पाण्याची गरज निम्म्यावर आणली. आपल्याकडे महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली. पुढे १९८०च्या दशकात २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन घेऊन एमएम ५४० आली. सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर आजही या जीपा दिसतात, आणि घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्याही दिसतात.

अशा जीपच्या मालकाला गॅरेजमध्ये विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘किती तापते?’ असा नसावा, ‘कधी तापते?’ असा असावा. निम्मं निदान त्यातच आहे.

गर्दीत किंवा दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो आणि मोकळ्या रस्त्याला लागताच उतरतो, तर दोष वाऱ्याचा. वेगात असताना वारा आपोआप आत शिरतो; सावकाश चालीत मात्र सगळी भिस्त पंख्यावर. फॅन बेल्ट ढिला असेल, पंखा काढून उलटा बसवला गेला असेल, किंवा पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं कुणी ‘अडचण होते’ म्हणून काढून टाकलं असेल. पावसाळी चिखल आणि गवताचं बी जाळीत घट्ट बसतं ते तर नेहमीचंच. ती धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने समोर मारावं, पुढून मारलं तर कचरा आणखी आत जातो.

उलट, गावात ठीक पण हायवेवर किंवा ओझं घेऊन पळताना तापते, तर शंका पाण्याच्या प्रवाहावर घ्यावी. खालचा होज पाईप पंपाच्या ओढीने चपटा होतो. तसं होऊ नये म्हणून बऱ्याच पाइपांत आत तारेची स्प्रिंग असते, ती गंजून गेलेली असते. पाईपचं हे चपटं होणं इंजिन नुसतं सुरू असताना दिसत नाही, रेस वाढवून पाहावं लागतं. पंपाची पाती गंजून झिजलेली असू शकतात. पण दख्खनमध्ये सर्वांत मोठा गुन्हेगार बोअरवेलचं जड पाणी. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार नळ्यांच्या आत थर धरतात, आणि हा थर तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी उष्णता वाहतो. बाहेरून चकचकीत दिसणारं रेडिएटर आतून बुजलेलं असतं. गरम इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर, जाळीवरून हात जपून फिरवला तर कुठे कुठे गार पट्टे लागतात. तिथल्या नळ्या बंद. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची एक मोठी सोय म्हणजे डाग सोडवून टाकी काढता येते, प्रत्येक नळीतून सळई फिरवता येते आणि पुन्हा डाग देता येतो. नव्या प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरला हे सुख नाही.

थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढला, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत अद्भुत वाटतं ते हेच. त्यात वीज नाही, कुणाचा हुकूम नाही. एका डबीत मेण आहे. ठरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ अंशांच्या आसपास, मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरकडची वाट उघडते. ही मेणाची युक्ती अमेरिकेत सर्जियस व्हर्नेटने १९३०च्या दशकात आणली. तपासणीही साधी: पातेल्यात पाणी, थर्मामीटर, आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगलेला. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या जवळपास तो उघडला पाहिजे.

आपल्याकडे मात्र तपासण्याऐवजी तो काढून फेकण्याची रीत पडली आहे. ‘आपल्या हवेत लागत नाही’ हे ठरलेलं उत्तर. ते चूक आहे. इंजिन पन्नास अंशांवर चालत राहिलं तर डिझेलमधल्या गंधकापासून होणारं आम्ल गार भिंतींवर साचतं आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती गरम झाल्यावर बायपासची आडवाट बंद करते. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता पंपाकडेच परततो. म्हणजे गार होण्यासाठी केलेल्या उपायाने गाडी जास्त तापते!

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कुणी पाहतच नाही. समजा ते सात पौंड दाबाचं आहे. समुद्रसपाटीला त्या दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळतं. लडाखच्या खारदुंग ला खिंडीत उघड्या भांड्यातलं पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं, म्हणजे थर्मोस्टॅट जेमतेम उघडतो तेव्हाच. सात पौंडांचं झाकण तोच बिंदू पुन्हा शंभराच्या आसपास नेतं. झाकणाचं रबर कडक झालं की ही सगळी सवलत गेली. याच दाबामुळे गरम झाकण उघडणं जिवावर बेततं: १११ अंशांवरचं दहा लिटर पाणी एकाएकी मोकळं झालं, तर त्यातलं दोन टक्के, सुमारे दोनशे ग्रॅम, तत्क्षणी वाफ होतं. त्या वाफेचं आकारमान तीनशे लिटरहून जास्त.

काटाही खोटं बोलतो. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की तो वाफेत उघडा पडतो आणि कधी कधी काटा उतरतो. चढावर अचानक ‘गार’ झालेल्या गाडीवर खूश होऊ नये, थांबून ती निवू द्यावी.

हेड गॅस्केट गेल्याचं भय सर्वांना असतं. पण गार इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, किंवा रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबेचनात, तर ते खरं धरावं. ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय का, हे पाहण्यासाठी निळा द्रव मिळतो. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची. कार्बन डायऑक्साइड असेल तर तो पिवळा पडतो.

थंड प्रदेशात तक्रार उलटी असते: केबिनचा हीटर तापत नाही. हीटरच्या दोन्ही नळ्यांना हात लावावा. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच गार चालतंय, पुन्हा थर्मोस्टॅट. एक गरम, एक गार असेल तर हीटर बुजलाय, त्यात हवा अडकली आहे किंवा त्याचा कॉक बंद आहे. दोन्ही गरम असतील तर पाण्याचा दोष नाही, पंखा किंवा झडप पाहावी.

आणि पहाटे जीप सुरूच होत नसेल, तर हीटर प्लग. प्यूजोसारख्या जुन्या इंजिनांत डिझेल आधी छोट्या कोठडीत पेटतं. तिच्या गार भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात, म्हणून आधी प्लग तापवावे लागतात. प्लगची तार काढून टेस्ट लॅम्प बॅटरीचा प्लस आणि प्लग यांच्यामध्ये लावावा. पेटला नाही तर तो प्लग मेला. सुरू झाल्यावर येणारा पांढरा धूर डिझेलच्या वासाचा असेल आणि इंजिन तापताच विरत असेल, तर काम प्लगवर भागतं. धूर वाफेसारखा ओला असेल, तापल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होत असेल, तर हेड उतरवावा लागेल.