खरकट्यापासून जळाऊ वायू

बंगळूरच्या इंदिरानगरातील शंभर फुटी रस्त्याने जाताना दुतर्फा उपाहारगृहे लागतात. ह्या स्वयंपाकघरांतून भाज्यांची देठे, फळांच्या साली, शिळे पीठ आणि पानांत टाकलेला भात रोज बाहेर पडतो. आपण त्यास कचरा म्हणतो. जंतूंच्या लेखी मात्र तो अजून कोणी न पचवलेला घास होय. हवाबंद टाकीत तो त्यांच्या स्वाधीन केला, तर त्यापासून चुलीत जळणारा मिथेन वायू मिळतो.

अशा वायूस आपल्याकडे 'गोबर गॅस' हे नाव पडले. नाव सुटसुटीत खरे, पण नावे माणसाला फसवतात, हा आम्हां भाषांतरकारांचा नित्याचा अनुभव आहे. ह्या नावामुळे शेणावाचून वायू नाही, अशी समजूत रूढ झाली. वास्तविक शेण म्हणजे गाईने सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला चोथा! त्यात मिथेनकारी सूक्ष्मजीव मुबलक असतात, म्हणून नव्या टाकीत ते विरजण म्हणून उत्तम. पण रोजचे अन्न म्हणून निकृष्टच.

ही गोष्ट पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी आग्रहाने मांडली. त्यांच्या 'आरती' ह्या संस्थेने पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या घेऊन, एक दुसरीत उपडी बसवून, घरगुती संयंत्र तयार केले. ४० किलो शेणापासून सुमारे ४० दिवसांत मिळणारा मिथेन २ किलो पिष्टमय पदार्थांपासून एका दिवसात मिळतो, असे संस्थेचे प्रतिपादन होते. २००६ साली ह्या कामास ब्रिटनमधील अ‍ॅश्डेन पुरस्कार लाभला. रसायनशास्त्राचा हिशेबही पाहण्याजोगा आहे: १ किलो कोरड्या पिष्टापासून फार तर सुमारे ४१५ लिटर मिथेन मिळू शकतो.

मोठ्या प्रमाणावर हेच काम महाराष्ट्रातील अनेक मद्यार्क कारखान्यांत चालते. मळी आंबवून मद्यार्क काढल्यावर मागे राहणारे तपकिरी, आम्ल सांडपाणी नदीत गेल्यास पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात. तेच बंद टाकीत पचवले, की मिळालेला वायू कारखान्याच्या बाष्पकात जळतो. पाण्याचा तपकिरी रंग मात्र ह्या पचनाने जात नाही. त्यासाठी पुढे निराळी प्रक्रिया करावी लागते.

आता खरी अडचण पाहू. टाकीत दोन प्रकारचे कामकरी असतात. पहिले अन्नाचे तुकडे करून त्याची आम्ले बनवतात. दुसरे त्या आम्लांपासून मिथेन करतात. पहिले चपळ, दुसरे संथ. इडलीचे पीठ एका रात्रीत आंबते, ते पहिल्यांच्याच जातभाईंमुळे. शेण सावकाश पचते, म्हणून तेथे हे दोघे बरोबरीने चालतात. भात किंवा पीठ भरमसाट ओतले, तर आम्लांचा ढीग साचतो, संथ मंडळींना ती सोसत नाहीत आणि वायू थांबतो. टाकी 'आंबली' असे म्हणतात ते हेच. लग्नसराईतले खरकटे एकदम टाकीत रिचवणारा हमखास फसतो.

म्हणून जाणता चालक रोज ठरल्या मापानेच घास घालतो आणि आम्लता तपासतो. ती वाढलेली दिसताच तो अन्न बंद करतो, थोडी चुन्याची निवळी घालतो आणि ज्योत पुन्हा निळी होईपर्यंत टाकीला लंघन घडवतो.